लाकूड होतं तसं परत ठेवायचं

गुहागरच्या पुळणीवर वाहून आलेलं लाकूड हा आमच्या घरी मालमत्तेचा विषय होता. पावसाळा सरत आला की अण्णा पहाटे उठून समुद्रावर जायचे आणि बरासा ओंडका दिसला की त्यावर पायातली एक वहाण काढून ठेवायचे. वहाण ठेवली म्हणजे लाकूड आपलं, असा आमच्या वाडीचा नियम. मग एका पायात वहाण घालून ते घरी यायचे आणि कुणाला तरी हाताशी घेऊन ओंडका परसात आणायचे. सुकला की तो थंडीत बंबात जायचा. खाऱ्या लाकडाच्या ज्योतीला निळसर झाक असते. तिच्याकडे बघत आंघोळीची वाट पाहणं ही माझी लहानपणची करमणूक.

आता मी वेल्समध्ये राहते, स्वॉन्झी शहरात. रुग्णालयात एक्स-रे काढते. सुट्टीच्या दिवशी इथल्या पुळणींवर जाऊन वाहून आलेली लाकडं उलटते, खाली बघते आणि पुन्हा होती तशी ठेवते. याला कारण एक भुंगेरा. युरिनेब्रिया कॉम्प्लॅनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याला स्ट्रँडलाइन बीटल म्हणतात, म्हणजे भरतीच्या रेघेवरचा भुंगेरा. संपूर्ण ब्रिटनमध्ये तो ब्रिस्टल चॅनलच्या दोन काठांवरच सापडतो : इकडे दक्षिण वेल्स, पलीकडे उत्तर डेव्हन. तेही मोजक्याच पुळणींवर. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या किनाऱ्यांवर त्याचे भाऊबंद आहेत. इथे मात्र तो दुर्मिळ, आणि २०१६च्या वेल्सच्या पर्यावरण कायद्याखाली जपायच्या जातींची जी यादी आहे, तिच्यात त्याचं नाव आहे.

मी कीटकतज्ज्ञ नाही. काही वर्षं चुका करत जे हाताशी आलं, ते लिहिते आहे.

१. आधी पत्ता, मग पाहुणा

पहिल्या उन्हाळ्यात मी भुंगेरा शोधत होते, म्हणून तो मिळाला नाही. जागा शोधायला हवी होती.

मला हे शिकवलं एका म्हातारबुवांनी. पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यात उभी हयात गेली. मी मुंबईकडची आहे म्हटल्यावर त्यांचा पहिला शब्द ‘टाटा’. निवृत्तीनंतर भुंगेरे हाच उद्योग. पुळणीवर आम्ही पोचलो तेव्हा मी लगेच वाकून शोधायला लागले. ते उभेच. म्हणाले, “आधी मला सांगा, काल पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

मला सांगता येईना. समुद्राकाठी वाढलेल्या बाईला! तशी भरतीची वेळ काढायची रीत मला अण्णांनी शिकवलेली आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. स्वॉन्झीला हे गणित साफ कोसळतं. इथे त्या उत्तरात आणखी सहा-सात तास मिळवावे लागतात, आणि उन्हाळ्यात सरकारने घड्याळं एक तास पुढे सारलेली असतात, ती भानगड वेगळीच. पाण्याच्या चढ-उताराचं मापही वेगळं. आमच्याकडे उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं. इथे आठ मीटरांहून जास्त, आणि खाडी जिथे अरुंद होत जाते तिथे तर जगातल्या सर्वांत मोठ्या चढ-उतारांपैकी एक. म्हणजे पुळण कधी मैलभर रुंद असते, कधी पायाखालून नाहीशी होते.

एवढं पाणी वर-खाली होतं, तेव्हा ते वाळूवर एक रेघ काढत नाही, तीन-चार काढतं. सगळ्यांत खालची आजची : ओलं शेवाळ, फेस, बुळबुळीत पानं. तिच्या वर गेल्या उधाणाची : सुकून काळी पडलेली सागरी वनस्पती, काड्या, पिसं, शिंपले. आणि अगदी वर, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, हिवाळ्यातल्या वादळांनी आणून टाकलेली मोठी लाकडं. भुंगेरा वरच्या रेघांतल्या लाकडांखाली दिवस काढतो. पाणी रोज पोचत नाही, पण वाळू आतून ओलसर राहते, अशा जागी.

म्हातारबुवांनी काठीने वाळूत या रेघा मला आखून दाखवल्या. मग म्हणाले, “आता लाकूड निवडा.” मी एक मोठा, रुबाबदार ओंडका निवडला. अण्णांनी त्यावर नक्की वहाण ठेवली असती. बुवांनी मान हलवली. तो ओंडका वाऱ्याने खालून पोखरला होता, दोन टोकांवर टेकलेला, मध्ये हवा खेळती. घर म्हणून निकामी. त्यांनी दाखवली ती एक फळी. कुरूप, वाळूला चिकटलेली, कुठल्या तरी जुन्या खोक्याची. तळ ओला, वरची बाजू कोरडी.

तिच्याखालीही भुंगेरा नव्हता. पण त्या दिवशी मी पुळण वाचायला शिकले आणि पुढच्या महिन्यात, एकटीच असताना, तशाच एका फळीखाली सहा जण एकत्र बसलेले मिळाले.

२. लाकूड आपल्याकडे ओढत उलटायचं

कोकणातल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. लाकडाखाली फुरसं असू शकतं हे रक्तातच असतं. लाकडाची पलीकडची कड धरून आपल्या बाजूला उचलायची, म्हणजे खालून जे काही निघेल त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये लाकूड राहतं. इथल्या वाळूच्या टेकड्यांत फुरसं नाही, पण ॲडर नावाचा विषारी साप आहे.

गॉवर द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला व्हाइटफर्डची पुळण आहे. तिथे आणखी एक पथ्य. दुसऱ्या महायुद्धात तिथे तोफांचा सराव चालायचा आणि न फुटलेले गोळे अजूनही वाळूतून वर येतात. गंजलेली धातूची वस्तू दिसली की भुंगेरा विसरायचा, मागे फिरायचं आणि कळवायचं.

३. फोटोत मोजपट्टी हवीच

आता माझ्या फजितीची गोष्ट.

दुसऱ्या वर्षी जून महिन्यात सुकलेल्या शेवाळाखाली मला एक पिवळसर भुंगेरा दिसला. पाठीवर काळपट डाग. मी फोनला भिंग लावून फोटो काढला, घरी येऊन मोठा करून पाहिला आणि मला झोप लागली नाही. पिवळा रंग आहे, काळी खूण आहे, जागा भरतीची रेघ आहे. आणखी काय हवं? फोटो नोंदी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवला, सोबत उत्साहाने ओथंबलेली चिठ्ठी.

उत्तर एका ओळीचं आलं : लांबी किती, आणि मागच्या पायाच्या पंजाला खंड किती?

लांबी मी मोजलीच नव्हती. भिंगातून तो भुंगेरा पडदाभर दिसत होता. खरा होता सात मिलिमीटरचा. आणि खंड मोजले तर मागच्या पंजाला चारच. मग उलगडा झाला. हा फॅलेरिया कॅडाव्हेरिना. पिवळसर असतो, कधी पाठीवर गडद डाग असतो, त्याच रेघेवर राहतो, पण घराणंच वेगळं. जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांच्या, म्हणजे कॅराबिड कुळातल्यांच्या, सहाही पायांच्या पंजांना पाच-पाच खंड असतात. फॅलेरिया ज्या कुळातला आहे, त्यात पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार. पाच-पाच-चार. हा आकडा मला आता माझ्या फोन नंबरासारखा पाठ आहे.

लाज वाटली ती यासाठी की हे माझ्या धंद्यातलं पहिलं कलम आहे. एक्स-रेच्या पाटीपासून हात जितका दूर, तितकी सावली मोठी. म्हणून अंतर सांभाळायचं, डावं-उजवं दाखवणारी शिशाची खूण लावायची, आणि खूण नसलेल्या फिल्मवर कुणी मत मागितलं तर नकार द्यायचा. नव्या मुलांना मी वर्षानुवर्षं हे शिकवत आले. पुळणीवर मात्र भिंग हातात आलं आणि डोकं घरी राहिलं.

आता माझ्या पिशवीत एक प्लास्टिकची पट्टी असते, मिलिमीटरच्या खुणांची. भुंगेरा पारदर्शक डबीत घ्यायचा, डबी पट्टीवर ठेवायची, वरून एक फोटो, बाजूने एक, आणि जमलं तर पायांचा एक. मग त्याला उचलला तिथेच सोडायचा.

४. खरा कसा दिसतो

१६ ते २४ मिलिमीटर लांब. म्हणजे बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा थोडा कमी. रंग भाताच्या सुक्या पेंढ्याचा. पाठीवरच्या कवचपंखांवर काळ्या, वेड्यावाकड्या, तुटक आडव्या पट्ट्या. कुणात त्या ठसठशीत, कुणात जेमतेम. दोन भुंगेऱ्यांची नक्षी तंतोतंत सारखी मला अजून दिसलेली नाही. पाय लांब, पिवळट, सडपातळ. मिशा दोऱ्यासारख्या बारीक. आणि अंग चपटं. नावातला कॉम्प्लॅनाटा म्हणजे चपटा केलेला. हे नाव लिनियसने १७६७ साली दिलं. मला मात्र त्याच्याकडे पाहून दडप्या पोह्यांतला नीट दडपलेला पोहा आठवतो.

हे चपटेपण त्याच्या घराचं माप आहे. लाकूड आणि वाळू यांच्यामधल्या फटीत तो सरकतो. रंगही तिथलाच. लाकूड उलटल्यावर पहिले दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. मग वाळूचा एक तुकडा धावायला लागतो.

गोंधळ होण्यासारखे त्या रेघेवर फार नाहीत. ब्रॉस्कस सिफॅलोटीस हा त्याच मापाचा, पण कुळकुळीत काळा, कमरेशी आवळलेला, आणि हात लावला की मेल्याचं सोंग घेणारा. नेब्रिया ब्रेव्हिकॉलिस हा तपकिरी-काळा, लहान, आणि बागेपासून पुळणीपर्यंत कुठेही भेटणारा. कोवळ्या भुंगेऱ्यांची मात्र पंचाईत असते. कोषातून नुकता निघालेला काळा भुंगेराही काही काळ फिकट पिवळा असतो, कवच मऊ असतं. म्हणून निव्वळ रंगावर कधीही निकाल द्यायचा नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून या कुळाच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांची ओळख पटवायला मार्टिन लफ यांचं २००७चं पुस्तक सगळे वापरतात. मीही घेतलं. त्यातली वाक्यं पंचांगासारखी आहेत : सवय नसली तर एक अक्षर कळत नाही, सवय झाली की त्यावाचून पान हलत नाही.

५. मेलेल्याची साक्ष कच्ची

मेलेला भुंगेरा किंवा एखादा सुटा कवचपंख मिळाला की आनंद होतो. होऊ द्यावा. पण समुद्राने आणलेली वस्तू कुठून आणली हे समुद्रच जाणे. ज्या रेघेवर नारळाच्या आकाराचे मासेमारीचे बोये मैलोगणती वाहून येतात, त्या रेघेवर पंखाचं हलकं टरफल कुठल्याही पुळणीवरून येऊ शकतं. जिवंत भुंगेरे, तेही एकाहून अधिक, किंवा त्यांच्या अळ्या : हे मिळालं तरच इथे वस्ती आहे म्हणायचं.

६. वासाबद्दल

या कुळातले बरेच भुंगेरे त्रास दिला की उग्र रस सोडतात. केंब्रिजला शिकत असताना डार्विनच्या दोन्ही हातांत एकेक दुर्मिळ भुंगेरा होता आणि तिसरा दिसला, तेव्हा त्याने हातातला एक तोंडात टाकला. पुढचं त्यानेच लिहून ठेवलंय. जीभ पोळली, तो थुंकावा लागला, आणि तिसराही गेला. तेव्हा दोन डब्या न्याव्यात.

७. एकदा तरी रात्री जावं

दिवसा आपण फक्त त्याची झोपायची खोली पाहतो.

मी गेले ती ऑगस्टमधली रात्र. सोबत म्हातारबुवा आणि माझी लेक. टॉर्चवर लाल कागद गुंडाळलेला, म्हणजे कुणाचे डोळे दिपत नाहीत. भरती ओसरून दोन तास झाले होते. पहिल्यांदा ऐकू आला तो पावसासारखा आवाज. पाऊस नव्हता. ओल्या शेवाळावर हजारो सँडहॉपर उड्या मारत होते. हे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, नखाएवढे जीव. दिवसभर वाळूत पुरलेले असतात आणि रात्री वर येऊन कुजणारं शेवाळ खातात. गुहागरला रात्री पुळणीवर बसलं की पायांवर टपटप काहीतरी उडायचं. ते असेच कुणीतरी असणार, असं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

आणि मग त्यांच्यामधून तो आला. धावत. थांबला, पुन्हा धावला. दिवसा फळीखाली दबून बसणारा प्राणी हाच का, असं वाटावं इतका चपळ. लेकीच्या बुटाला वळसा घालून गेला आणि तीन हातांवर एका सँडहॉपरवर झेपावला. जबड्यात धरला आणि तिथेच खायला बसला.

लाकूड हे त्याचं छप्पर आणि शेवाळ हे स्वयंपाकघर, हे मला तेव्हा कळलं. यांतलं एक जरी उचलून नेलं तरी संसार मोडतो. अंडी शरदात, अळ्या थंडीत वाढतात, नवे भुंगेरे पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे वर्षातला एकही महिना असा नाही की त्या रेघेवर याचं कुणी ना कुणी राहत नाही.

लेक परत येताना म्हणाली, “आई, हा तर तेव्हाचं पिवळं झुरळ!”

८. पिवळं झुरळ

ही गोष्ट आधी घडलेली, पण मला कळली त्या रात्री. लिहिताना अजून अवघड वाटतं.

त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही मायलेकी एका किनारा-स्वच्छता मोहिमेत गेलो होतो. पुळण कुठली आणि आयोजक कोण हे महत्त्वाचं नाही. माणसं भली होती, आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त उत्साही होते. बाटल्या, दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, कापसाच्या काड्या, सगळं गोण्यांत भरलं. मग कुणीतरी म्हणालं, लाकडंही उचलूया, लहान मुलांच्या पायाला लागतात. मला ते फार पटलं. मी तर लाकडं गोळा करण्यातली खानदानी. मुलांची रांग लावली, हातोहात लाकडं पुढे सरकवली, टेकडीच्या पायथ्याशी मोठा ढीग रचला. एक फळी उचलली तेव्हा खालून काहीतरी पळालं. लेक ओरडली, “आई, पिवळं झुरळ!” मी म्हणाले, “जाऊ दे, काही करत नाही.”

संध्याकाळी त्या ढिगाची शेकोटी केली. मी मुलांना शिमग्याची गोष्ट सांगितली, आमच्याकडे होळीला लाकडं कशी चोरून आणतात ती. बोंब मारायलाही शिकवलं. वीस वेल्श मुलं तोंडावर हात मारून ओरडत होती. त्या दिवसाचा फोटो अजून आमच्या बैठकीत आहे. त्यात पुळण इतकी स्वच्छ दिसते की भरतीची एकही रेघ नाही.

ते नक्की हेच होते का? माहीत नाही. फोटो नाही, माप नाही, सात वर्षांच्या मुलीची आठवण ही नोंद होत नाही. मी ती कुठेही पाठवलेली नाही. नंतर त्या पुळणीवर मी अकरा वेळा गेले.

स्वच्छता मोहिमांना मी अजूनही जाते. प्लास्टिक हाताने वेचते, लाकूड आणि शेवाळ जागेवर ठेवते. गोण्या कमी भरतात, तक्रारी जास्त येतात. यंत्राने दाताळं फिरवून पुळण चाळतात तिथे मात्र बोलून उपयोग नसतो. यंत्राला बाटली आणि फळी यांतला फरक कळत नाही, आणि पर्यटकांना तर गालिच्यासारखी वाळू हवी असते. गंमत अशी की पुळण टिकवायचं कामही हा ‘कचरा’च करतो. त्या रेघेला वाळू अडते, सडक्या शेवाळाच्या खतावर सी-रॉकेटसारखी झाडं उगवतात, मग मॅरम गवत येतं आणि टेकडी उभी राहते. आपल्याकडे हे काम मर्यादवेल करते. तिला ते नाव ठेवणाऱ्याने समुद्र नीट पाहिला होता.

९. शून्य लिहायचं

त्या अकरा फेऱ्यांत मला तिथे एकही भुंगेरा मिळाला नाही. प्रत्येक फेरीची नोंद मी पाठवली : तारीख, वेळ, किती लाकडं उलटली, किती मिनिटं लागली, सापडले ०. सुरुवातीला हे अपमानास्पद वाटायचं. पण आमच्या धंद्यातही ‘हाड मोडलेलं नाही’ हे लेखी द्यावं लागतं, आणि पुढच्या वेळी त्याच हाडाची तुलना त्याच फिल्मशी होते.

ठिकाण लिहिताना आळस करायचा नाही. इथल्या नकाशावर सहा आकडी संदर्भ म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे दहा मीटरचा. नुसतं ‘व्हाइटफर्ड’ लिहिलं तर त्यात टेकडी, खाजण, सुरूसारखी दिसणारी पाइनची झाडं, सगळंच आलं. स्वॉन्झीपासून जवळच नीथ आहे. १८४०च्या दशकात तिथे आल्फ्रेड रसेल वॉलेस जमिनीची मोजणी करायचा आणि उरलेल्या वेळात भुंगेरे पकडायचा. पुढे तो ॲमेझॉनला गेला आणि १८५२ साली तिथल्या माकडांवरच्या निबंधात त्याने हीच तक्रार मांडली, की संग्रहालयांतल्या नमुन्यांवर नुसतं ‘ब्राझील’, ‘पेरू’ असं लिहिलेलं असतं. नदीच्या दोन तीरांवर वेगवेगळी माकडं राहतात, तिथे ‘ब्राझील’ लिहून काय कळणार? मोजणीदारालाच हे सुचावं यात नवल नाही.

शब्दांचीही एक मजा. वेल्श भाषेत भुंगेऱ्याला ‘ख्विलेन’ म्हणतात आणि शोधण्याला ‘ख्विलिओ’. कानाला हे दोन शब्द सख्खे शेजारी वाटतात. म्हातारबुवांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “साठ वर्षं दोन्ही करतोय, लक्षात नव्हतं आलं.”

१०. दुरून विचारतील त्यांना आधी जागा विचारा

गेल्या हिवाळ्यात अण्णांचा फोटो आला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण पहाटेची फेरी सुटलेली नाही. फोटोत वाळू, एका ओंडक्याची कड आणि काहीतरी गडद, हललेलं. शेजारी मापासाठी त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं होतं. फोन लावला तर उचलताच म्हणाले, “काय गो, हाच ना तुझा तो?”

तो नव्हता. असणंच शक्य नाही, तो तिकडे नाहीच. पण काय होता तेही मला त्या फोटोवरून सांगता येईना. मी विचारलं, “अण्णा, लाकूड कुठे होतं? ओल्या वाळूत की वर?”

“वर. मर्यादवेलीच्या जरा खाली. कार्तिकी पुनवेच्या उधाणानं टाकलेलं असणार.”

“खाली ओल होती?”

“होती. दोन होते तसले. एक पळाला. आणि ते टपटप उडणारे होते की, पुष्कळ.”

मी वहीत लिहून घेतलं. मग जरा भीतभीतच विचारलं, “आणि लाकडाचं काय केलंत?”

“चांगलं सागाचं होतं,” अण्णा म्हणाले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. “ठेवलंय होतं तसं. वहाण ठेवून आलोय वर, कोणी नेऊ नये म्हणून.”

“आणि बंबाला?”

“सोडणं आहेत की.”

त्यांच्या एका पायात वहाण नव्हती हे मला व्हिडिओवर नंतर दिसलं.